अक्षांशरावांची भिंत

सदर इसम पुरुष असून वयाने साठीच्या अल्याड-पल्याड आहे. बांधा मध्यम, पोट मध्यमाच्या थोडं पुढे. डोळ्यांना चष्मा, जो वाचण्यासाठी कमी आणि काढून हातात धरण्यासाठी जास्त वापरात येतो. व्यवसाय : द्राक्ष-उत्पादक, म्हणजे पत्नी उत्पादन करते आणि सदर इसम उत्पादक आहे. पद : द्राक्ष-उत्पादक संघाचा मानद हवामान सल्लागार. ओळखीची खूण : बोलताना उजव्या हाताची मूठ समोर धरतो आणि डाव्या हाताच्या बोटाने तिच्यावर आडवी रेघ ओढतो. मूठ म्हणजे पृथ्वी. विशेष ज्ञान : भूगोल. विशेष अज्ञान : नोंद उपलब्ध नाही.

टेकडीवरची सगळी माणसं त्यांना अक्षांशराव म्हणत. तोंडावर म्हणत, कारण त्यांना ते आवडायचं. वाइन चाखायला आलेले पाहुणे पेला हातात घेऊन नीट उभे राहण्याच्या आत अक्षांशरावांची मूठ वर आलेली असायची.

"द्राक्षाची वेल कुठेही लागते हो. माझ्या मेहुण्याच्या गच्चीवर लागलीय. पण वाइनची द्राक्षं म्हणाल तर जगात दोनच पट्टे. एक हा वरचा, एक हा खालचा. तीस ते पन्नास अक्षांश. त्याच्या अलीकडे, विषुववृत्ताकडे सरकलात की द्राक्ष नुसतं गोडमिट्ट होतं. पलीकडे, ध्रुवाकडे गेलात की पिकतच नाही."

मग उताराचं तोंड कोणत्या दिशेला, दगड दिवसभर ऊन पिऊन संध्याकाळी ते कसं परत देतात, नदीच्या पाण्यावरून उलटलेला उजेड पानांच्या पाठीला कसा लागतो, दिवस उबदार आणि रात्र गार असली की द्राक्षातला आंबटपणा कसा टिकतो, हे सगळं यायचं. पाहुणे पेले गोल गोल फिरवत माना हलवायचे. त्यांना वाइनमधलं जेवढं कळायचं तेवढंच अक्षांशरावांना टेकडीतलं कळायचं, त्यामुळे मैफल जमायची.

हे सगळं खरं होतं, हीच पंचाईत. अक्षांशराव पृथ्वीबद्दल बोलत तेव्हा बहुतेक वेळा बरोबर असत आणि टेकडीबद्दल बोलत तेव्हा बहुतेक वेळा चूक. पृथ्वी त्यांनी पुस्तकात नीट पाहिली होती. टेकडी नुसती खिडकीतून.

तरुणपणी ते शहरात भूगोल शिकायला गेले आणि पदवी न घेता, पण नकाशांचं एक जाडजूड पुस्तक घेऊन परत आले. थोरला भाऊ तेव्हा मळ्यात छाटणी करत होता.

"आलास? बरं झालं. कात्री घे."

"आधी मला आपल्या जमिनीचं स्थान समजून घेऊ दे, दादा."

ते समजून घेणं दादा वारेपर्यंत चाललं. मधल्या काळात दादांनी वेली वाढवल्या, अक्षांशरावांचं लग्न लावून दिलं आणि आलेल्या भावजयीच्या हातात कात्री दिली. तिने ती घेतली. नाइलाजाने घेतली, पण घेतली.

दादांच्या मागे वाटणी झाली. ती समजून घ्यायला नकाशाची गरज नाही. टेकडीचा माथा उघडा, खडकाळ, कुणाचाच नाही. त्याखालच्या उतारावर अक्षांशरावांचा मळा. त्याच्याही खाली, उतार जिथे सपाट व्हायला लागतो तिथे, दादांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा तुकडा आणि तुकड्याच्या कडेला त्यांचं दोन खोल्यांचं घर. वहिनींच्या तुकड्याखाली अक्षांशरावांनी स्वतःसाठी राखलेली एक पट्टी, तिच्यावर त्यांचं घर, पुढे रस्ता आणि रस्त्यापलीकडे नदी.

टेकडीवर कामाची एक जुनी पद्धत होती. छाटणी उरकली की, वेलींचे डोळे फुटायच्या आधी, प्रत्येक जण आपल्या मळ्याच्या खालच्या अंगाचं कुंपण बुडाशी मोकळं करायचा. साठलेला पाला ओढून काढायचा, जमिनीला टेकलेल्या फांद्या तोडायच्या. कुंपण लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून उभं राहिल्यासारखं दिसायचं. याला 'थंडीला वाट देणं' म्हणत. कारण अगदी साधं. थंड हवा जड. निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री ती माथ्यावर तयार होते आणि पाण्यासारखी उतारावरून खाली येते. वाट मिळाली तर नदीवर निघून जाते. अडली तर साचते. साचली की दव गोठून दहिवर होतं, आणि नुकते फुटलेले कोंब सकाळी उकडलेल्या पालकासारखे लोंबतात.

अक्षांशरावांना या पद्धतीची लाज वाटे. "थंडी काय म्हैस आहे, वाट द्यायला?" असं ते विचारत. संघाच्या बैठकीत विचारत, न्हाव्याच्या खुर्चीत विचारत, वहिनी कुंपणाशी वाकलेल्या असताना त्यांच्या पाठीला विचारत.

"म्हैसच बरी," वहिनी न वळता म्हणायच्या. "ती ऐकते तरी."

संघाला हवामान सल्लागार नको होता. पण बैठकीत अक्षांशरावांना गप्प कसं करायचं हा जुना प्रश्न होता. पद दिलं की माणूस निदान घरी बसून अहवाल लिहितो, अशी अध्यक्षांची समजूत. अध्यक्ष पिंपं बनवणारे. फुगलेल्या लाकडाला लोखंडी पट्टी घालून आवळायची त्यांना सवय. इथे मात्र पट्टी घातल्यावर लाकूड आणखी फुगलं. अक्षांशरावांनी एक तापमापक आणला, आपल्या ओसरीत चहाच्या खुर्चीशेजारी खिळ्याला टांगला आणि त्या दिवसापासून टेकडीचं अधिकृत तापमान म्हणजे त्यांच्या ओसरीचं तापमान ठरलं.

शोध लागला तोही त्या खुर्चीतच. वसंताच्या तोंडावर एका पहाटे चहा पिताना त्यांच्या नडग्यांना गारवा लागला. समोर नदीवर धुकं होतं. नडग्या गार, नदीवर धुकं. अक्षांशरावांनी मूठ उचलली, बोट फिरवलं आणि निष्कर्ष काढला की थंडी नदीतून वर येते. वास्तविक ती त्यांच्या पाठीमागून, वहिनींच्या मोकळ्या कुंपणाखालून, खुर्चीच्या पायांमधून निवांतपणे नदीकडे चालली होती. पण मागे वळून पाहण्याची सवय त्या घराण्याच्या धाकट्या पातीत नव्हती.

"भिंत बांधायची," त्यांनी बायकोला सांगितलं. "दगडी. द्राक्षांचं नदीच्या थंडीपासून संरक्षण."

"कुठे?"

"घराच्या मागे. वहिनींच्या हद्दीला लागून. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत."

बायकोने हातातली बादली खाली ठेवली. "अहो, थंडी नदीतून येते म्हणता. मग भिंत घराच्या पुढे नको? मागे बांधली तर आपण थंडीच्या बाजूला आलो की."

"तुला भूगोल कळत नाही."

"नाही बाई," ती म्हणाली आणि बादली उचलून मळ्याकडे गेली. संसाराची पंचवीस-तीस वर्षं त्या दोघांनी या एका वाक्यावर काढली होती.

भिंत झाली. पुरुषभर उंच, बुडाशी गच्च, एक उंदीर जाईल एवढीही फट नाही. संघाने अर्धे दगड पुरवले, म्हणून भिंतीच्या मधोमध संघाचं नाव कोरलं आणि त्याखाली 'संकल्पना' असं लिहून अक्षांशरावांचं. अध्यक्षांनी नारिंगी फीत कापली. थंडी अडवणाऱ्या बांधकामाचं उद्घाटन असल्यामुळे भाषणात 'ऊब' हा शब्द फार वेळा आला.

आणि भिंतीचा गुण आला. ओसरीतल्या नडग्या गरम झाल्या. तापमापकाचा पारा पूर्वीपेक्षा स्पष्टपणे वर राहू लागला. अक्षांशरावांनी तो सकाळ-संध्याकाळ पाहिला, नोंदवला, संघाला कळवला. एखाद्याने छत्री दुसऱ्याच्या डोक्यावरून आपल्याकडे ओढून घ्यावी आणि पाऊस कमी झाल्याचं जाहीर करावं, तसा तो अहवाल होता.

भिंतीच्या वरच्या अंगाला, वहिनींच्या तुकड्यात, त्याच वसंतात कोंब जळाले.

वहिनी जळालेली काडी घेऊन आल्या. मूळची तोंडाळ बाई. दादा होते तेव्हा त्यांच्या आवाजाने माथ्यावरचे पक्षी उडत असं म्हणतात. पण त्या दिवशी त्या हळू बोलल्या, आणि अक्षांशरावांच्या बायकोने ते ऐकून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"भाऊजी, हे बघा."

अक्षांशरावांनी चष्मा काढून हातात धरला. "दहिवर."

"ते मलाही दिसतंय. एवढी वर्षं नव्हतं. तुमची भिंत झाली आणि आलं."

"वहिनी, हवामान बदलतंय. सगळीकडे बदलतंय. ध्रुवांवर काय चाललंय कल्पना आहे तुम्हाला?"

"ध्रुवांवर माझ्या वेली नाहीत. भिंतीला खालून भोक पाडा. दोन-चार ठिकाणी, कोंबडी जाईल एवढं."

"म्हणजे थंडीला आत बोलवायचं?"

"बाहेर जाऊ द्यायचं!"

"तीच तर तुमची गफलत आहे," अक्षांशराव मायेने म्हणाले, आणि त्यांनी मूठ उचलली.

वहिनी मुठीकडे बघत राहिल्या. "तुमचे दादा म्हणायचे, याला टोपी घाला आणि शेतात उभा करा, निदान पाखरं तरी येणार नाहीत," असं म्हणून त्यांनी ती काडी चहाच्या कपात उभी केली आणि गेल्या.

दुसऱ्या वसंतात पुन्हा तेच झालं. आता गोष्ट वेलींच्या जिवावर आली. संघाचा नियम होता की ज्या जमिनीवर सलग तीन वसंत दहिवराने कोंब जळतील, ती 'वाइनच्या द्राक्षास भौगोलिकदृष्ट्या अयोग्य' ठरवायची आणि तिथल्या वेली उपटायच्या. बाटलीवरच्या चिठ्ठीवर टेकडीचं नाव छापायचं असेल तर टेकडीवर नापास तुकडे चालत नाहीत. वहिनींच्या वेली दादांच्या हातच्या होत्या, बुंधे मनगटाएवढे झालेले. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि दुसरं काही यावं अशी त्यांची इच्छाही नव्हती. एक वसंत उरला होता.

त्यांनी अध्यक्षांकडे अर्ज केला : भिंतीला वाट पाडून मिळावी. अध्यक्षांनी तो वाचला, मान डोलावली आणि तज्ज्ञ मतासाठी हवामान सल्लागारांकडे पाठवला. हवामान सल्लागारांनी भिंतीच्या संकल्पनाकाराशी, म्हणजे आरशाशी, सविस्तर चर्चा केली आणि अर्ज फेटाळला.

मग वहिनींनी भर दुपारी कुदळ उचलली. भिंतीच्या बुडातले चार दगड निघाले तेवढ्यात अक्षांशराव लुंगी सावरत धावत आले.

"वहिनी! ही सार्वजनिक मालमत्ता आहे!"

"मग सार्वजनिक कुदळ आणा, मला मदत करा."

"मी अहवाल देईन."

"द्या. त्याशिवाय आजवर दिलंत काय कुणाला?"

अक्षांशरावांची बायको मळ्यातून खाली आली होती. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा कुदळीकडे. "जाऊबाई, पाचवा दगड डावीकडचा काढा," ती म्हणाली, "तो सैल बसलाय. मीच कालवला होता त्याचा चुना." नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू ओसरीतला तापमापक बोलला. पण संध्याकाळी गवंडी आला, भोक सिमेंटने बुजवलं, आणि संघाने वहिनींना लेखी समज दिली. बायकोने त्या संध्याकाळी स्वयंपाक केला नाही. अक्षांशरावांनी त्याचं कारण हवापालट असं धरलं.

तिसरा वसंत आला. डोळे फुटले, कोंब बोटभर झाले, आणि मग ती निरभ्र, बिनवाऱ्याची रात्र आलीच. सकाळी ऊन पडायच्या आत पाहणी समिती हजर झाली. अध्यक्ष, अक्षांशराव आणि वाइनरीचा एक माणूस, ज्याला चांगले बूट घालून आल्याचा पश्चात्ताप होत होता.

माथ्याकडून ते खाली चालत आले. अक्षांशरावांच्या मळ्यात कोंब हिरवे, टवटवीत होते. "योग्य नियोजन," अक्षांशराव म्हणाले. मळा ओलांडून ते वहिनींच्या तुकड्यात उतरले आणि पायाखाली गवत कुरकुर वाजायला लागलं. भिंत जवळ येत गेली तसा गारठा चढत गेला. पोटऱ्यांना, मग मांड्यांना, मग कमरेला, हौदात पायरी-पायरीने उतरावं तसा. भिंतीशी पोचल्यावर वाइनरीच्या माणसाचे दात वाजत होते. वेलींचे कोंब काळे पडले होते, आणि ते किती उंचीपर्यंत काळे पडलेत याची रेघ सगळ्या वेलींवर एका पातळीत, गवंड्याने दोरी लावून आखावी तशी सरळ होती.

वहिनी तिथेच उभ्या होत्या, शाल घट्ट ओढून. "पाण्याची पातळी दिसतेय का साहेबांना?" त्या म्हणाल्या. "बांध घातल्यावर तळं होतं. यात पोहायला या एकदा."

वाइनरीच्या माणसाने रेघेकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"चहा तयार आहे," अक्षांशराव म्हणाले. "खाली, ओसरीत."

त्याने तोंड मिटलं. भिंतीला वळसा घालून ते खाली आले. ओसरीत नडग्यांना ऊब लागली, कपातून वाफ आली, आणि तापमापकावर पारा अगदी सभ्य जागी होता. अक्षांशरावांनी तो दाखवला. "एकच टेकडी, एकच अक्षांश, एकच रात्र. भिंतीच्या या बाजूला हे तापमान. त्या बाजूला ते. आता सांगा, भिंत काम करते की नाही?"

"करते," अध्यक्ष म्हणाले. खरं म्हणजे ते अगदी अचूक उत्तर होतं.

"मग दोष कुणाचा?"

अध्यक्षांनी बशीत चहा ओतला. त्यांना सगळं कळलं होतं. पिंपाला गळती कुठे आहे हे ज्याला लांबून ऐकू येतं, त्याला एवढं कळणारच. पण भिंतीवर संघाचं नाव खोल कोरलेलं होतं. जमिनीवर कुणाचंच नाव कोरलेलं नव्हतं.

"जमिनीचा," ते म्हणाले, आणि चहा प्यायले.

वाइनरीच्या माणसाने दुसरा कप मागितला. काही माणसांच्या सद्सद्विवेकाला एवढंच लागतं.

वेली उपटायला यंत्र आलं. मनगटाएवढे बुंधे मुळांसकट निघताना ओला, चिरफाळल्यासारखा आवाज येतो. अक्षांशरावांना तो ऐकवला नसता, म्हणून ते त्या दिवशी शहरात एका व्याख्यानाला गेले. विषय होता 'स्थानमाहात्म्य'. वहिनी घराच्या उंबऱ्यात बसून सगळं बघत होत्या. यंत्रवाला भला माणूस. तो दोनदा थांबला आणि "ताई, आत जा," म्हणाला.

"तू तुझं काम कर रे बाबा," त्या म्हणाल्या. "मी काही ओरडत नाही. ओरडलं तरी ऐकणारं कुणी नाही इथे."

रिकामा तुकडा काही दिवस तसाच पडला. मग संघाला पाहुण्यांच्या गाड्या उभ्या करायला जागा हवी होती, आणि वहिनी स्वतःच अध्यक्षांकडे गेल्या. "द्राक्षास अयोग्य आहे ना? मग मोटारींना योग्य असेल. घ्या." फक्त एक अडचण होती. वरच्या वाटेने बस येत नव्हती. बस यायची तर नदीच्या रस्त्यावरून, अक्षांशरावांच्या घराला घसटून, आणि मधे भिंत.

अध्यक्ष चाचरत विषय काढायला गेले. अक्षांशरावांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. बस थेट दारात! पाहुणे उतरले की पहिलं दर्शन त्यांचं, मुठीसकट! भिंतीचा मधला भाग पाडायला त्यांनी एका दुपारी परवानगी दिली. कोरलेली पाटी मात्र सुरक्षित काढून कडेच्या खांबावर बसवून घेतली. बस जाईल एवढं मोठं भगदाड पडलं. त्या रात्रीपासून त्यांच्या नडग्या पुन्हा गार पडू लागल्या आणि बायकोने न मागता त्यांना लोकरीचे मोजे विणून दिले. विणताना ती गुणगुणत होती. तिला गुणगुणताना त्या घरात कुणी पूर्वी ऐकलं नव्हतं.

पुढच्या वसंतात थंडीची ती रात्र नेहमीसारखी आली आणि भगदाडातून नदीवर निघून गेली. मानद हवामान सल्लागारांनी संघाला जो अहवाल सादर केला, त्याचं शेवटचं कलम असं : 'वाहनांच्या वर्दळीने निर्माण होणाऱ्या उष्णतेमुळे खालच्या भागाचे हवामान उल्लेखनीयरीत्या सुधारले असून, सदर जागा वाहनतळ म्हणून यशस्वी ठरली आहे. तथापि अक्षांश, उंची, उताराची दिशा व नदीचे सान्निध्य यांचा साकल्याने विचार करता, सदर जमीन वाइनच्या द्राक्षास मूलतःच अयोग्य होती, हा संघाचा निर्णय शास्त्रीयदृष्ट्या योग्य असल्याचे सिद्ध होत आहे.' अहवाल टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

वाहनतळाच्या वरच्या कोपऱ्यात, संडासाच्या मागे, यंत्रवाल्याने एक वेल सोडून दिली होती. तिला यंदा द्राक्षं आली.